नळी, चाप आणि मधला कान

ठासणीची बंदूक म्हणजे एका लाकडात बसवलेली दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं. पहिला प्रश्न असा की गालापासून वीतभर अंतरावर स्फोट घडवायचा, तर तो कोंडून कसा ठेवायचा? दुसरा असा की तो स्फोट आपल्याला हवा त्याच क्षणी पेटवायचा कसा? पहिल्याचं उत्तर नळी, दुसऱ्याचं चाप. दोन्हींचं लोखंड वेगळं, दोन्हींमागचं शास्त्र वेगळं. आजही जगात हौशी लोक चकमकीची बंदूक हातानं घडवून घेतात, तेव्हा कारागीर आधी याच दोन गोष्टी विचारतो : नळी कोणती आणि चाप कोणता? या दोन निवडींमागे केवढा विचार दडलेला आहे हे कळलं की जुनी बंदूक पाहताना डोळे थबकतात.

हा विचार समजून घ्यायला माहूरसारखी जागा शोधून सापडणार नाही. तिन्ही बाजूंनी पैनगंगेचा वळसा, मध्ये काळ्या दगडाचे डोंगर, एकावर रेणुकामाता, एकावर दत्तशिखर, एकावर किल्ला. पूर्वेला किनवटचं सागवानी जंगल. त्यापलीकडे आदिलाबाद, निर्मल, आणि गोदावरी ओलांडली की निजामाबादचा मुलूख. आज मध्ये राज्याची सीमा आहे. पण १९५६ पर्यंत किनवटचा भाग आदिलाबाद जिल्ह्यातच होता आणि त्याआधीची कित्येक शतकं हा सगळा एकच पट्टा होता : शिकारीचं रान इकडे आणि पोलादाच्या भट्ट्या तिकडे. अठराव्या शतकातला या भागातला एखादा ऐपतदार शिकारी बंदूक करवून घ्यायला निघाला आहे असं धरून चालू, आणि त्याच्यासमोर काय काय होतं ते पाहू.

आधी नळी. कारण नळी चुकली तर माणूस जातो. चाप चुकला तर फार तर हरीण जातं.

लोखंडाची नळी करायची सर्वांत सोपी रीत म्हणजे तापलेला पत्रा सळईभोवती गुंडाळायचा आणि दोन्ही कडा एकमेकींना भिडवून घणाखाली सांधायच्या. सांधा नळीच्या लांबीच्या दिशेनं, सरळ रेषेत येतो. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकांवर वेगळं प्रकरण लिहिलं आहे आणि त्यात या पद्धतीबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की अशा नळ्यांमुळे खूप अपघात होत. पूर्वीच्या नळ्यांत पाव भागापेक्षा जास्त दारू भरता येत नसे, असंही तो सांगतो. मग अकबराच्या कारखान्यात आलेली नवी रीत तो वर्णन करतो. लोखंड ठोकून चपटं करायचं, ते तिरकं गुंडाळत न्यायचं, प्रत्येक वेढ्याची कड आधीच्या वेढ्यावर थोडी चढवायची आणि तापवून एकजीव करायची. अशी नळी तोंडापर्यंत दारूनं भरून उडवली तरी फुटत नाही, असा त्याचा दावा आहे. दरबारी लेखकाची थोडी अतिशयोक्ती वजा करा. तरी मूळ मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि तो का खरा आहे हे कळायला पुढची दोनएकशे वर्षं जावी लागली.

कुठल्याही बंद नळीत वायूचा दाब निर्माण झाला की भिंतीवर दोन दिशांनी ताण येतो. एक ताण नळीला लांबीत ओढतो, दुसरा तिला घेराच्या दिशेनं फाडायला पाहतो. गणित केलं तर पातळ भिंतीच्या नळीत घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या बरोबर दुप्पट निघतो. नळीची लांबी, दारूचा प्रकार, गोळीचं वजन काहीही असो, हे दुपटीचं नातं सुटत नाही. म्हणून फुटणारी नळी बहुतेक वेळा उभी चिरते, आडवी क्वचितच तुटते. आता सांधा कुठे आहे ते पाहा. सरळ सांध्याच्या नळीत लोहाराचा सर्वांत कच्चा भाग, म्हणजे जोड, नेमका सर्वांत मोठ्या ताणाच्या तोंडी दिलेला असतो. पट्टी तिरकी गुंडाळली की जोडाची रेषा नळीभोवती फिरते, आणि त्या जोडाला उघडायला पाहणारा ताण जवळपास निम्म्यावर येतो. लोखंड तेच, घण तोच, फक्त दिशा बदलली. दिवाळीतला सुतळी बॉम्ब ज्यानं निरखून पाहिला आहे त्याला हे पटकन उमगेल. कागदाच्या पुडीला बळ देतात ते भोवती आडवे घट्ट वेढे, कारण फाटायची ओढ त्याच दिशेला असते. ताणाचं कुठलंही समीकरण हाताशी नसताना ऐरणीवर बसलेल्या माणसांनी, फुटलेल्या नळ्या पाहून, हे ओळखलं. मला तरी हे दख्खन आणि हिंदुस्थानातल्या कारागिरीतलं एक फार मोठं डोकं वाटतं.

आईनच्या याच प्रकरणात नळ्या आतून साफ करणाऱ्या एका चाकाचंही वर्णन आहे. जनावराच्या बळावर फिरणारं हे चाक एका वेळी सोळा नळ्या घासून काढी. नळीचं भोक आतून सारखं आणि गुळगुळीत असणं किती महत्त्वाचं मानलं जाई, याचा हा पुरावाच.

पट्टी गुंडाळायची ठरली. पण कसल्या लोखंडाची? इथे आपल्या माहूरच्या शिकाऱ्यापुढे एक मोह उभा होता. गोदावरीपलीकडे निजामाबाद भागात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथल्या पोलादासाठी इराणचे व्यापारी येत असत. हेन्री व्हॉयसी हा भूगर्भशास्त्रज्ञ लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करत होता. त्यानं तिथल्या भट्ट्या स्वतः पाहिल्या आणि इस्फहानहून आलेला एक व्यापारी तिथे पोलाद खरेदी करताना पाहिल्याचं लिहून ठेवलं. व्हॉयसी १८२४ साली वारला. त्याचं टिपण १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्यावरून कळतं की दोन वेगवेगळ्या ठिकाणचं लोखंड मातीच्या मुशीत एकत्र घालून, तोंड बंद करून, भात्यावर दीर्घकाळ तापवत, आणि मूस हळूहळू निवू देत. निघालेला गोळा इतका ठिसूळ असे की तो पुन्हा पुन्हा तापवून शांत करावा लागे. साधारण दीड टक्क्यापर्यंत कार्बन असलेलं हे पोलाद म्हणजे जगभर ज्याला वूट्झ म्हणतात ते. इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडेनं विजेच्या शोधांच्या आधी या हिंदुस्थानी पोलादाचं गूढ उकलायचा प्रयत्न केला होता. यातून घडवलेल्या तलवारीच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारख्या रेषा दिसतात. तेच पोलादाचं पाणी.

इतकं जगप्रसिद्ध पोलाद हाताशी असताना बंदुकीची नळी त्याचीच करावी, असं कुणालाही वाटेल. जाणता लोहार मात्र मान हलवेल. तलवारीला धार हवी, धारेला कठीणपणा हवा. नळीला मात्र सोसणं हवं. दर बाराला ती केसभर फुगते आणि परत आकसते. मऊ लोखंड तो धक्का पोटात घेतं. दाब फार झालाच तर ते आधी फुगून इशारा देतं. ठिसूळ पोलाद इशारा देत नाही, ते एकदम तडकतं, आणि त्याचे तुकडे बंदूक धरणाऱ्याच्या डाव्या हातात आणि तोंडात जातात. शिवाय फार कार्बनचं पोलाद लोखंडासारखं सहज सांधत नाही. सांधायला लागणाऱ्या उष्णतेला ते चुरायला लागतं. म्हणून नळीसाठी कोळशाच्या भट्टीतलं मऊ, चिवट लोखंड घेत. मोठ्या घरच्या बंदुकीला लोखंड आणि पोलाद यांच्या कांड्या एकत्र पिळून, त्यांची पट्टी काढून ती गुंडाळत. मऊ आणि कठीण असे धागे एकमेकांत विणले जात. वर आम्ल लावलं की पिळाची नक्षी उमटे. ही नक्षी शोभेची आहे खरी, पण ती नळी कशी घडली याचं सहीशिक्क्याचं कागदपत्रही आहे. रेषा एकसारख्या, कुठेही न तुटता फिरत गेल्या असतील तर सांधा सर्वत्र बसला आहे. एखाद्या जागी रेषा अडखळली असेल, तर तिथे मळी अडकलेली असू शकते. गिऱ्हाईक डोळ्यांनी नळीची परीक्षा घेऊ शके ते यामुळे.

नळीचा आकारही वाचता येतो. दख्खनी नळी बुडाशी जाड, मध्ये निमुळती आणि तोंडाशी पुन्हा जराशी फुललेली असते. दारू बुडाशी पेटते, दाब तिथेच सर्वांत जास्त चढतो आणि गोळी पुढे सरकेल तसा वायूला पसरायला जागा मिळून तो उतरत जातो. भिंतीची जाडी म्हणजे त्या उतरत्या दाबाचा लोखंडात काढलेला आलेखच. तोंडाचं फुलणं कडा मजबूत करायला आणि नेम धरायचा मणी बसवायला उपयोगी. लांबी चार फुटांच्या आसपास, कधी अधिक. त्याच काळात इंग्रजांच्या शिपायाच्या हातातल्या बंदुकीची नळी ३९ इंचांची होती, तर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागातले जर्मन वंशाचे कारागीर शिकाऱ्यांसाठी ४२ ते ४६ इंचांच्या नळ्या करत होते. पेनसिल्व्हेनियातला शिकारी आणि दख्खनचा शिकारी एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी दोघांनी लांब नळी पसंत केली. काळी दारू जळायला वेळ घेते. लांब नळीत वायूला गोळी ढकलायला जास्त अंतर मिळतं, त्यामुळे थोड्या दारूत जास्त वेग निघतो. दारू आणि शिसं दोन्ही महाग असलेल्या माणसाला हे कळायला पुस्तक लागत नाही. शिवाय मागची खाच आणि पुढचा मणी यांत अंतर जितकं जास्त, तितकी नेमातली चूक डोळ्याला आधी दिसते.

एका बाबतीत मात्र वाटा फुटल्या. पेनसिल्व्हेनियाच्या नळ्यांत आतून पिळदार खाचा पाडलेल्या असत. गोळीवर तेलकट कापडाचा तुकडा लावून ती दाबून बसवली की खाचा कापडाला धरतात, कापड गोळीला फिरवतं, आणि फिरती गोळी हवेत भरकटत नाही. गोल गोळीला पीळ अगदी मंद पुरतो. ४८ इंचांत एक वेढा हे नेहमीचं प्रमाण. लांबट गोळीला जास्त घट्ट पीळ लागतो, कारण ती आडवी व्हायला टपलेली असते. आपल्याकडे खाचांच्या नळ्या अजिबात नव्हत्या असं नाही, पण बहुतेक बंदुका आतून सपाट राहिल्या. किनवटच्या झाडीत तीनशे पावलांवरचं जनावर दिसतंच कुठे? शिवाय सपाट नळीत आज गोळी, उद्या छर्रे भरता येतात. रानडुक्कर आणि तित्तिर एकाच बंदुकीनं मारायचे असतील तर सपाट नळीच शहाणपणाची.

आता चाप. इथे दख्खननं उलटाच निर्णय घेतला. सगळा पैसा, सगळं कौशल्य नळीत ओतलं आणि चाप होता तितका साधा ठेवला.

तोड्याच्या बंदुकीचा चाप म्हणजे एक वाकडा लोखंडी घोडा, खाली बोटानं दाबायचा खटका (यालाही चापच म्हणतात) आणि दोघांना जोडणारी पट्टी. सगळं लाकडाच्या चिरेत लपलेलं. घोड्याच्या चिमटीत तोडा, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. ती भडकत नाही, नुसती धुमसत राहते, आणि तासाला काही बोटंच सरते. नळीच्या उजव्या बाजूला रंजकदान, त्यात चिमूटभर बारीक दारू. शेजारी नळीला पाडलेलं बारीक भोक, त्याला कान म्हणतात. चाप दाबला की घोडा पुढे झुकतो, धुमसतं टोक रंजकाला शिवतं, रंजक भडकतं, आग कानातून आत शिरते. यातलं काहीही बिघडलं तर गावचा लोहार सुधारू शकतो. मोडायला नाजूक स्प्रिंगा नाहीत. आणि एकदा तोडा नीट धुमसत असला की रंजक पेटणारच, यात जवळपास शंका उरत नाही. आईनमध्ये अकबराच्या कारखान्यातल्या, तोड्याशिवाय उडणाऱ्या बंदुकीचाही उल्लेख येतो. पण ती कल्पना सर्वसामान्यांच्या हातात पोचली नाही.

शिकाऱ्याची अडचण वेगळी होती. तोडा सतत पेटता ठेवावा लागतो. अंधारात त्याचं लाल टोक दिसतं, वास वाऱ्यावर जातो, पावसात तो विझतो. दबा धरणाऱ्या सैनिकाचीही तीच गत. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली रायबाघन १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाबरोबर मोगलांच्या बाजूनं उंबरखिंडीत उतरली होती. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्या फौजेला दाट झाडीत कोंडलं, आणि रायबाघननं खानाला शरण जायचा सल्ला दिला, ही कथा प्रसिद्ध आहे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. झाडीत दडलेल्या बंदूकवाल्यांनी आपापले तोडे पेटते ठेवून, धूर आणि वास सांभाळत, फौज खिंडीच्या पोटात येईपर्यंत वाट पाहिली असणार. किती संयमाचं काम!

ही अडचण चकमकीनं सुटली. फ्रान्समध्ये लिझिअच्या मारँ ल बुर्ज्वा या कारागिरानं १६१० च्या सुमारास चकमकीच्या चापाची ती मांडणी बसवली जी पुढे दोनशे वर्षं जगभर चालली. घोड्याच्या जबड्यात धारदार गारगोटी. समोर पोलादाचं उभं पान, जे रंजकदानाचं झाकणही असतं. चाप दाबला की मोठी स्प्रिंग घोडा पुढे फेकते, गारगोटी पानाला खरडत खाली येते, पान मागे उलटतं, रंजकदान उघडं पडतं आणि ठिणग्या थेट रंजकावर बरसतात. झाकण उघडणं आणि पेटवणं एकाच हालचालीत. आपल्याकडे या बंदुकीला पथरकला म्हणत.

त्या ठिणगीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याला वाटतं ठिणगी दगडातून निघते. निघते ती पोलादातून. गारगोटी पोलादापेक्षा कठीण, त्यामुळे ती त्याचे अतिसूक्ष्म कण तासून काढते. तासताना कण तापतात. शिवाय ताज्या उघड्या पडलेल्या लोखंडाला हवेतला प्राणवायू मिळतो आणि कण अक्षरशः जळतात. ठिणगी म्हणजे पेटलेलं लोखंड. त्यासाठी पान कठीणच हवं. मऊ लोखंडावर गारगोटी नुसता ओरखडा काढते, कण उडवत नाही. म्हणजे पाहा : नळीला जे पोलाद घातक, नेमकं तसंच कठीण, कार्बननं भरलेलं पोलाद चकमकीच्या पानाला हवं. एकाच बंदुकीत, बोटभर अंतरावर, एक लोखंड सोसण्यासाठी निवडलेलं आणि दुसरं झिजण्यासाठी. कारागिराला नळी आणि चाप वेगळे निवडावे लागतात ते यासाठी.

आणि दगड? इंग्लंडात सफोकमधलं ब्रँडन हे गाव सैन्याच्या चकमकी फोडण्यावर जगत होतं. मराठवाड्याला त्याची गरज नव्हती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या आपल्या काळ्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचली आणि त्यातून अकीक, कॅल्सेडनी असे दगड तयार झाले. गोदावरीच्या खोऱ्यातल्या शेतांत ते नांगराला लागतात. अश्मयुगातल्या माणसानं याच दगडांची इवलीइवली पाती काढली होती. धार धरणारा, ठिणगी काढणारा दगड इथे पायाखाली होता.

मग इतकं सगळं असताना दख्खननं तोडा इतका काळ का धरून ठेवला? चकमकीच्या चापात एकापेक्षा अधिक स्प्रिंगा लागतात आणि त्यांचं एकमेकींशी जमावं लागतं. घोड्याची स्प्रिंग पानाच्या स्प्रिंगपेक्षा फार जोरकस झाली तर गारगोटी फुटते, कमी पडली तर पान उलटतच नाही. चाप अर्धा चढवून सुरक्षित ठेवायची खाच झिजली तर बंदूक हातात उडते. अशी स्प्रिंग घडवून तिला नेमकी ताठी देणं हे घड्याळजीच्या जातीचं काम. ते मोठ्या कारखान्यात होतं. १७६० च्या फेब्रुवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला मराठ्यांनी निजामाला हरवलं, तेव्हा इब्राहिमखान गारदी आपल्या बाजूनं लढत होता आणि त्याची पलटण युरोपीय धर्तीवर कवायत केलेली होती; अशा फौजांना असे कारखाने लागतात. पुढे महादजी शिंद्यांसाठी त्यांचा सेनापती द बुआन्यच्या हाताखाली सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसानं आग्र्याला तोफा आणि बंदुकांचे कारखाने चालवले. राज्याला ते परवडतं. माहूरच्या शिकाऱ्याला तोडा परवडतो, कारण तोडा बिघडला तर दुरुस्ती त्याच्या गावात होते.

चापाची मांडणी किती दूर प्रवास करते हेही सांगायला हवं. गोव्याच्या कारागिरांच्या बंदुका इतक्या चांगल्या होत्या की १५१३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कनं पोर्तुगालच्या राजाला त्यांची तुलना बोहेमियातल्या बंदूककारांशी करून कळवलं. त्याच पूर्वेकडच्या पोर्तुगीज जगातून १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक पोचली. जपानी लोहारांना नळी जमली, पण तिचं बूड आट्यांच्या खिट्टीनं बंद करायची युक्ती लगेच उलगडली नाही, अशी तिथली कथा आहे. आपल्या ओळखीच्या बंदुकीत घोडा शिकाऱ्यापासून पुढे झुकतो. जपानीत तो स्प्रिंगच्या जोरानं झटक्यासरशी पडतो.

नळी आणि चाप निवडले. आता त्यांची गाठ कानाशी पडते, आणि इथे कारागिराची खरी परीक्षा असते. कान नळीच्या बुडाच्या अगदी जवळ हवा. खूप पुढे पाडला तर दारू मधूनच पेटून मागचा भाग उशिरा जळतो. खूप मागे पाडला तर तो बुडाच्या खिट्टीत शिरून बंद होतो. आणि रंजकदान चापावर असतं, म्हणजे चाप लाकडात कुठे बसवायचा हे नळीच्या बुडाच्या जाडीवरून ठरतं. जाड बुडाच्या नळीला छोटा चाप लावला तर घोडा रंजकदानापर्यंत पोचताना वाकडा पडतो. पातळ नळीला मोठा चाप लावला तर लाकूड इतकं कोरावं लागतं की तिथेच ते चिरतं. कान रंजकदानाच्या तळापेक्षा थोडा वर असावा हेही अनुभवानं ठरलेलं. कान रंजकात बुडला, तर आग भोकातल्या दारूतून वातीसारखी कणाकणानं सरकत आत जाते आणि बार उशिरा निघतो. कान मोकळा राहिला तर रंजकाच्या भडक्याची उष्णता सरळ आत झेपावते. नीट बसवलेल्या चकमकीच्या बंदुकीत चाप दाबल्यापासून रंजक भडकायला सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. तेवढ्या वेळात हात हलला नाही पाहिजे, हे शिकाऱ्याचं काम.

पाणपक्ष्याला मात्र तेवढाही वेळ पुरतो. अलेक्झांडर फोर्सिथ हा स्कॉटलंडमधला पाद्री पाणपक्ष्यांची शिकार करायचा. रंजकाचा भडका पाहून पक्षी बार येण्याआधीच बुडी मारतात, हे त्याला सलत राहिलं. १८०७ मध्ये त्यानं ठोक्यानं पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं आणि त्यातूनच पुढे टोपीची, म्हणजे अशा रसायनाच्या टोपीनं पेटणारी, बंदूक आली. तोडे आणि चकमकी हळूहळू मागे पडल्या, पण नळ्या मागे पडल्या नाहीत. आपल्याकडे अनेक जुन्या तोड्याच्या बंदुकांचा कान काढून तिथे टोपीची नळकांडी बसवली गेली, चाप बदलला, दस्ता बदलला आणि नळी तीच राहिली. चांगली घडलेली नळी पिढ्यान्‌पिढ्या चालते.

आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. ते योग्यच आहे. पैनगंगेच्या काठच्या जंगलात वाघ आहेत आणि ते राहिलेच पाहिजेत. पण या बंदुका पाहायला काहीच हरकत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांचं दालन आहे, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही आहे. काचेमागची बंदूक दिसली की चांदीचं काम आणि मीनाकारी नंतर पाहा. आधी नळीवर तिरप्या रेषा शोधा. मग उजव्या बाजूला वाकून कान पाहा. दर बाराला जळता वायू त्या भोकातून बाहेर फुसांडतो आणि कडा थोड्याथोड्या खाऊन टाकतो. भोक रुंद झालं की दाब वाया जातो आणि बार कमजोर होतो. म्हणून लंडनचे बडे कारागीर कानाला आतून सोन्याचं, पुढे प्लॅटिनमचं अस्तर घालू लागले. आपल्या बंदुकांत तसं अस्तर सहसा नसतं. नुसतं लोखंडात पाडलेलं भोक, आणि दस्त्यात खोचलेली, साखळीनं बांधलेली, कान कोरायची सुई. भोक अजून बारीक आणि काठ ताजे असतील, तर ती बंदूक बहुधा भिंतीवरच राहिली. भोक कडेनं वितळल्यासारखं रुंद झालं असेल किंवा बुजवून पुन्हा पाडल्याची खूण असेल, तर ती रानात खूप हिंडली आहे.